लोगोपासून लेबलपर्यंत : डिझाइन, जाहिरात आणि छपाईची परिभाषा

व्यवसायासाठी छापून घेतलेली कुठलीही वस्तू, मग ते व्हिजिटिंग कार्ड असो की मसाल्याच्या पाकिटावरचे लेबल, तीन वेगळ्या धंद्यांच्या हातांतून जाते. ग्राहकाला काय सांगायचे ते विक्रीची बाजू पाहणारा ठरवतो, ते दिसावे कसे हे डिझायनर ठरवतो आणि कागदावर उतरवतो छापखाना. तिघांचीही आपापली परिभाषा असते. पैसे मोजणारा चौथा माणूस म्हणजे उद्योजक, आणि नेमक्या त्याच्याच ओळखीचे शब्द सर्वांत कमी असतात. या परिभाषेतला जवळजवळ प्रत्येक शब्द कसला ना कसला निर्णय सांगतो: आकार, रंग, कागद, प्रती, हक्क. त्या निर्णयांना वेळेचे बंधन असते. संगणकावर फुकटात होणारा बदल छपाईची प्लेट निघाल्यानंतर पैसे मागतो आणि छपाई झाल्यानंतर रद्दी मागतो. म्हणून हे शब्द वर्णानुक्रमाने पाहण्यापेक्षा कामाच्या क्रमाने पाहणे सोयीचे. उदाहरणाला कोल्हापूर भागातला, कांदा-लसूण मसाला करून विकणारा एखादा घरगुती उद्योग घेता येईल.

सांगायचे काय

कामाची सुरुवात ‘ब्रीफ’ने होते, निदान व्हायला हवी. ब्रीफ म्हणजे डिझायनरला दिलेला कामाचा लेखी तपशील. वस्तू कोणती, ती कोण विकत घेणार, किंमत काय, छापलेली गोष्ट ग्राहकाच्या हाती कुठे पडणार, खर्चाची मर्यादा किती आणि काम कधी हवे, एवढे त्यात आले तरी पुरते. ‘काहीतरी छान करून द्या’ हा ब्रीफ नव्हे. अशा कामात पाच-सहा नमुने होतात, प्रत्येक वेळी वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवले जाते आणि शेवटी कंटाळून कुठला तरी एक मंजूर होतो.

ब्रीफमधला ‘टार्गेट ग्राहक’ म्हणजे ज्याच्यासाठी ही खटपट चालली आहे तो खरेदीदार. गावातल्या किराणा दुकानातून पाव किलो मसाला नेणारी गृहिणी आणि पुण्यात एकटा राहणारा, घरच्या चवीच्या शोधातला नोकरदार यांना एकच मसाला विकता येतो. पण पाकिटाचा आकार आणि त्यावरचा मजकूर एकच ठेवून चालत नाही.

‘यूएसपी’ (युनिक सेलिंग प्रपोझिशन) हा अक्षरसमूह अमेरिकेतले जाहिरात-व्यावसायिक रॉसर रीव्हज यांनी रूढ केला. जाहिरातीने ग्राहकाला एक ठोस लाभ सांगावा, तो प्रतिस्पर्ध्याने सांगितलेला नसावा आणि ग्राहक वळेल इतका तो महत्त्वाचा असावा, असा त्यांचा आग्रह होता. या कसोटीवर ‘दर्जेदार आणि चविष्ट’ टिकत नाही, कारण तसे प्रत्येकच मसाल्यावर लिहिलेले असते. ‘डंकावर कुटलेला’ हे टिकू शकते, अर्थात तो खरोखर डंकावर कुटलेला असेल तर. ‘टॅगलाइन’ म्हणजे हा लाभ किंवा उद्योगाचा स्वभाव सांगणारी, नावासोबत कायम राहणारी छोटी ओळ. आणि ‘कॉल टू ॲक्शन’ म्हणजे वाचणाऱ्याने पुढे काय करायचे ते सांगणारी ओळ: फोन करा, दुकानात या, कोड स्कॅन करा. कितीतरी हँडबिलांवर मालकाचा फोटो मोठा असतो आणि ही ओळच नसते.

ओळख आणि तिचे हक्क

‘लोगो’ म्हणजे उद्योगाचे ठरलेले दृश्य चिन्ह. ते नुसते विशिष्ट वळणात लिहिलेले नाव असेल तर त्याला वर्डमार्क म्हणतात. सोबत चित्ररूप खूण असेल तर ती सिम्बॉल. ‘ब्रँड’ ही मात्र यापेक्षा मोठी गोष्ट. चव, भाव, पाकीट, दुकानदाराचे बोलणे, तक्रार केल्यावर मिळालेले उत्तर या साऱ्यांतून ग्राहकाच्या मनात तयार झालेले मत म्हणजे ब्रँड. लोगो पंधरा दिवसांत होतो, ब्रँडला वर्षे लागतात. लोगो कुठल्या रंगात, किमान किती आकारात आणि भोवती किती मोकळी जागा सोडून वापरायचा याचे नियम जिथे लिहिलेले असतात ते ‘ब्रँड मॅन्युअल’. छोट्या उद्योगाला त्याची चार पानेसुद्धा पुरतात.

लोगोच्या निमित्ताने फाइलचे दोन मूळ प्रकार समजून घ्यावे लागतात. ‘रास्टर’ चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे असते. मोबाइलमधला प्रत्येक फोटो रास्टर. तो मोठा करत गेले की ठिपके दिसू लागतात. छापखान्याच्या बोलीत ‘फाटतो’. ‘व्हेक्टर’ चित्र रेषा आणि वळणे यांच्या गणिताने साठवलेले असते, त्यामुळे ते बिल्ल्यावर किंवा चाळीस फुटी फलकावर सारखेच स्वच्छ उमटते. लोगो व्हेक्टरच हवा. महाराष्ट्रातले बरेच छोटे छापखाने आणि डीटीपीवाले कोरलड्रॉवर काम करतात. इलस्ट्रेटरही वापरात आहे. या सॉफ्टवेअरमधली, पुढे बदल करता येईल अशी मूळ फाइल म्हणजे ‘ओपन फाइल’. ती मिळणार की नाही हे काम देतानाच ठरवून, लिहून घ्यावे. लोगोचे पैसे दिले म्हणजे फाइल आणि कॉपीराइट दोन्ही आपले झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती वादाला निमंत्रण देते. कॉपीराइटचे हस्तांतर लेखी असावे लागते.

नाव आणि लोगो यांना ‘ट्रेडमार्क’ म्हणून संरक्षण मिळते ते १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली. नोंदणी वर्गवार होते. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि मसाले तिसाव्या वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येणारी. नावाशेजारची ‘टीएम’ ही बारीक अक्षरे नोंदणी झालेली नसतानाही लावता येतात. हे नाव आमचे आहे, असा दावा तेवढा त्यातून कळतो. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा. नोंदणी नसताना तो छापणे हा गुन्हा आहे, आणि केवळ शोभेसाठी तो लावून मोकळे होणारे डिझायनर कमी नाहीत.

देवनागरी अक्षरे

अक्षरांच्या वळणाला सर्रास ‘फाँट’ म्हटले जाते. अक्षराचा आकार ‘पॉइंट’मध्ये मोजतात, एका इंचात ७२ पॉइंट. दोन ओळींमधल्या अंतराला ‘लीडिंग’, शब्दातल्या दोन अक्षरांमधले अंतर जुळवण्याला ‘कर्निंग’ म्हणतात. इथपर्यंत कुठलीही लिपी सारखीच. पुढे देवनागरीचे प्रश्न वेगळे होतात.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. त्यांना जागा द्यावी लागत असल्यामुळे एकाच पॉइंटमध्ये मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते. पाकिटावर दोन्ही भाषा शेजारी असतील तर मराठीचा पॉइंट वाढवावा लागतो आणि ओळींत अंतरही जास्त सोडावे लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना जाऊन भिडतात. जाड वळणात क्ष, ज्ञ, द्ध यांच्या पोटातली पोकळी शाईने भरते. ‘रिव्हर्स’ मजकुरात, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर कागदाचा पांढरा रंग सोडून काढलेल्या अक्षरांत, हा धोका दुप्पट होतो. लेबलवर घटकपदार्थांची यादी बारीक रिव्हर्समध्ये छापण्याचा मोह टाळावाच.

दुसरा प्रश्न संगणकीय आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि उत्तरेतून आलेले कृतिदेव यांसारख्या फाँटांवर छपाईची एक पिढी पोसली गेली. त्यांत अक्षरांचे संकेतक्रमांक ज्याचे त्याचे वेगळे. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की निरर्थक खुणा दिसतात. ‘युनिकोड’मध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असल्याने मोबाइलवर टाइप केलेला मजकूर कुठेही उघडतो. मात्र जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडची जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ बिघडतो. म्हणून मजकूर एका पद्धतीतून दुसरीत नेल्यावर मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते; आधी तपासले होते, ही सबब चालत नाही. शिवाय अनेक फाँटांत हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीत रूढ असलेली, राज्य शासनाने ठरवलेल्या वर्णमालेतलीही रूपे आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बालू यांसारखे चांगले देवनागरी फाँट आता विनाशुल्क मिळतात, त्यामुळे चोरीच्या फाँटला निमित्त उरलेले नाही.

रंग आणि ठिपके

संगणकाचा आणि मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग तयार करतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश एकत्र आले की पांढरा दिसतो. ही ‘आरजीबी’ पद्धत. कागदावर शाई असते आणि शाई प्रकाश शोषून घेते. म्हणून छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांची ‘सीएमवायके’ पद्धत चालते. छापखान्यात पहिल्या दोघांना निळा आणि लाल म्हणूनच हाक मारतात. चार शायांतून पडद्यावरचा प्रत्येक रंग निघत नाही. झगझगीत भगवा, पोपटी आणि विजेसारखा निळा कागदावर मळकट उतरतात. व्हॉट्सॲपवर नमुना पाहून मंजुरी देणाऱ्याचा अपेक्षाभंग बहुतेक वेळा इथेच होतो, आणि त्यात छापखान्याचा दोष नसतो.

एखाद्या उद्योगाला आपला विशिष्ट रंग दर वेळी हुबेहूब हवा असेल तर ‘स्पॉट कलर’ वापरतात. म्हणजे चार शायांच्या मिश्रणाऐवजी तो रंग आधीच घोटून तयार केलेली वेगळी शाई. अशा शायांना क्रमांक देणारी पँटोन ही पद्धत १९६३ साली अमेरिकेत सुरू झाली आणि आता जगभर तिच्या छापील रंगपट्ट्या समोर ठेवून व्यवहार होतो. स्पॉट कलर चार रंगांच्या जोडीला घेतला तर पाचवी प्लेट लागते, खर्च वाढतो. उलट लेटरहेडवर एकच रंग असेल तर तो स्पॉटमध्ये छापणे स्वस्त पडते.

शाई फिकी-गडद करता येत नाही. ती एक तर लागते किंवा लागत नाही. फिका रंग दाखवायचा तर शाईचे ठिपके बारीक करावे लागतात. या ठिपक्यांच्या जाळीला ‘स्क्रीन’ किंवा ‘हाफटोन’ म्हणतात. आर्ट पेपरवर इंचाला साधारण १५० ओळींची जाळी वापरतात, वर्तमानपत्राच्या शाई पिणाऱ्या कागदावर त्याहून बरीच विरळ. फोटो ‘३०० डीपीआय’ (इंचाला ३०० ठिपके) हवा, हा छापखान्याचा आग्रह याच हिशेबातून आलेला आहे: जाळीच्या दुप्पट ठिपके. १,५०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने पाच इंच रुंद छापता येतो, त्यापुढे तो फाटतो. फाइलच्या गुणधर्मांत आकडा बदलून ३०० लिहिल्याने नसलेले पिक्सेल येत नाहीत.

चारही रंग कागदावर एकमेकांवर अचूक बसणे म्हणजे ‘रजिस्टर’. ते केसभर हलले तरी अक्षरांच्या कडेला लाल-निळी सावली दिसते. यासाठी मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवतात. मोठ्या काळ्या पृष्ठभागाला मात्र नुसती काळी शाई करडी वाटते. तिथे इतर शाया मिसळून ‘रिच ब्लॅक’ करतात.

फाइल आणि प्रूफ

मोठ्या कागदावर छापून मग कटिंग मशिनवर काम कापले जाते. कटर गठ्ठा कापतो, तेव्हा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. रंग किंवा चित्र कागदाच्या कडेपर्यंत हवे असेल तर ते कापण्याच्या रेषेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात, हा ‘ब्लीड’. कापायचे कुठे ते दाखवणाऱ्या कोपऱ्यांतल्या बारीक रेषा म्हणजे ‘क्रॉप मार्क’. आतल्या बाजूलाही तेवढेच अंतर सोडून मजकूर ठेवायचा, तो ‘सेफ मार्जिन’. कार्डाभोवती अगदी कडेला बारीक चौकट काढणे ही हौशी डिझायनरची ओळख. कटिंग जरा हलले की चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

फाइल पाठवताना ‘कर्व्ह करून पाठवा’ असे सांगतात. अक्षरांचे फाँटाशी असलेले नाते तोडून त्यांच्या नुसत्या आकृत्या करणे, एवढाच त्याचा अर्थ. मग समोरच्याकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाही. मात्र त्यानंतर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली प्रत जपून ठेवावी लागते. सर्वांत खात्रीची फाइल म्हणजे छपाईच्या दर्जाची पीडीएफ.

‘प्रूफ’ म्हणजे छपाईपूर्वीची तपासणीची प्रत. पडद्यावरचे प्रूफ मजकुरासाठी ठीक, रंगासाठी निरुपयोगी. डिजिटल प्रिंटरवरचे प्रूफ रंगाचा अंदाज देते. महागड्या कामात प्रत्यक्ष यंत्रासमोर उभे राहून पहिले चांगले ताव पसंत केले जातात. प्रूफवर सही झाली की त्यातली चूक ग्राहकाची. फोन नंबर, पत्ता, ईमेल, किंमत आणि तारखा या पाच गोष्टी मोठ्याने वाचून, दुसऱ्या माणसाकडून ताडून घेण्याची जुन्या छापखान्यांतली रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

कागद

कागदाचे वजन ‘जीएसएम’मध्ये सांगतात: एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. वर्तमानपत्राचा कागद पंचेचाळीसच्या आसपास, झेरॉक्सचा ७० ते ८०, ब्रोशरचा आर्ट पेपर १३० किंवा १७०, व्हिजिटिंग कार्ड ३००च्या घरात. जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. चकचकीत, दाबलेला आर्ट पेपर आणि फुगीर पुस्तकी कागद एकाच जीएसएमचे असले तरी दुसरा बोटाला जाड लागतो. चुन्यासारखा लेप देऊन गुळगुळीत केलेला तो आर्ट पेपर, त्याचाच जाड प्रकार आर्ट कार्ड. लेप नसलेला, पेनाने लिहिता येणारा तो मॅपलिथो. बिलबुकाला चकचकीत कागद सुचवणाऱ्याने त्यावर एकदा शाईचे पेन चालवून पाहावे. बिलबुकासाठी कार्बन न घालता खाली नक्कल उठणारा ‘एनसीआर’ कागद मिळतो. त्यासोबत ‘नंबरिंग’, म्हणजे पावत्यांचे चढते क्रमांक, आणि ‘परफोरेशन’, म्हणजे पान फाडण्यासाठी टोचलेली रेघ, हे दोन शब्द येतातच.

आकारांच्या दोन पद्धती भारतात शेजारी नांदतात. कार्यालयांत ‘ए’ मालिका. ए० हा ताव बरोबर एक चौरस मीटरचा. तो निम्मा केला की ए१, असे करत ए४ येतो तो २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे ए०चा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा ए४ कागद नेमका ५ ग्रॅम भरतो आणि टपालखर्चाचा हिशेब कागद न तोलता करता येतो. कागदबाजारात मात्र इंची ताव चालतात: १८ बाय २३, २० बाय ३०, २३ बाय ३६. अठरा-तेवीसचा डेमी ताव तीन घड्या घालून आठ भागांत विभागला की मराठी पुस्तकांचा नेहमीचा ‘डेमी एक-अष्टमांश’ आकार मिळतो, कापल्यावर साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. पाठपोट छापलेल्या अशा एका तावात सोळा पाने येतात; तो एक ‘फर्मा’. डिझायनरने ए४पेक्षा जरा मोठा आकार निवडला आणि तावातून चारऐवजी तीनच नग निघाले, तर उरलेल्या पट्टीचे पैसेही ग्राहकच भरतो. आकार ठरवण्यापूर्वी छापखान्याला एक फोन केला तर ही उधळपट्टी वाचते.

छपाईच्या पद्धती आणि भावाचे गणित

‘ऑफसेट’चे तत्त्व जुने आहे. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, या आधारावर जर्मनीत ॲलॉइस सेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास चुनखडीच्या दगडावरून छापण्याची रीत काढली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेले पंचांग अशाच शिळाप्रेसवरचे. आजच्या ऑफसेटमध्ये दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट असते. प्लेटवरचा छाप आधी रबरी आवरणाच्या रुळावर आणि तिथून कागदावर उतरतो. प्रत्येक रंगाला एक प्लेट, म्हणून चार रंगांना चार.

‘डिजिटल’ छपाईत प्लेट नसते. फाइल थेट यंत्रात जाते, त्यामुळे पन्नास प्रती काढता येतात आणि प्रत्येक प्रतीवर वेगळे नावही घालता येते. दोन्हींच्या भावातला फरक समजला की कोटेशन वाचता येते. समजा ऑफसेटला प्लेट आणि यंत्र लावण्याचा ठोक खर्च ३,००० रुपये आणि मग दर प्रतीला २ रुपये. डिजिटलला ठोक खर्च काही नाही, पण दर प्रतीला ६ रुपये. पाचशे प्रतींना ऑफसेट ४,००० आणि डिजिटल ३,००० रुपये. साडेसातशेला दोन्ही सारखे. पाच हजारांना ऑफसेट १३,००० रुपयांत होते, डिजिटलला ३०,००० मोजावे लागतात. प्रत्यक्ष दर गावागणिक वेगळे असतील, पण गणिताचा आकार हाच. ‘आणखी हजार घेतले तर किती स्वस्त पडतात’ हा सापळाही याच गणितातून येतो. तीन वर्षे पुरतील इतकी ब्रोशरे स्वस्तात घ्यावीत आणि सहा महिन्यांत फोन नंबर बदलावा, असे सर्रास घडते.

रंगीत व्हिजिटिंग कार्डे हजाराच्या पटीत अगदी कमी पैशांत मिळतात, कारण कित्येक ग्राहकांची कार्डे एकाच मोठ्या तावावर एकत्र मांडून छापलेली असतात. यंत्रावरची शाई सगळ्यांसाठी मिळून एकदाच जुळवली जाते. तिथे रंगाबद्दल तक्रार करून उपयोग नाही. ‘स्क्रीन प्रिंटिंग’मध्ये ताणलेल्या जाळीतून शाई दाबून काढतात, लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टी-शर्ट यांना ती सोयीची.

मसाल्याच्या रंगीत पाउचसाठी ‘ग्रॅव्ह्युअर’ लागते. प्रत्येक रंगासाठी कोरलेला धातूचा सिलिंडर, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पापुद्र्याच्या आतल्या बाजूला उलटी छपाई आणि मागून दुसरा थर चिकटवणे, अशी तिची रीत. आत छापल्यामुळे शाई घासली जात नाही आणि मसाल्याशीही तिचा संबंध येत नाही. सिलिंडरचा खर्च मोठा आणि फिल्म किलोने, मोठ्या प्रमाणात घ्यावी लागत असल्यामुळे नवख्या उद्योगाला ती झेपत नाही. साधे पाउच घेऊन त्यावर छापील स्टिकर लावणे हा सुरुवातीचा शहाणपणाचा मार्ग. मजकूर बदलला तर वाया जातात ती फक्त स्टिकरे.

फिनिशिंग

छपाईनंतरच्या कामांना फिनिशिंग म्हणतात. प्लॅस्टिकचा पातळ थर चढवणे हे ‘लॅमिनेशन’, ग्लॉस किंवा मॅट. फक्त लोगोवर चमकदार लेप देणे ‘स्पॉट यूव्ही’, सोनेरी-चंदेरी वर्ख दाबणे ‘फॉइल’, ठसा उठवणे ‘एम्बॉसिंग’. चौकोनाखेरीज वेगळा आकार कापायला पोलादी पात्यांचा साचा करतात, तो ‘डाय’. जाड कागद घडीवर फुटू नये म्हणून आधी दाबून काढलेली खाच म्हणजे ‘क्रीझ’; १७० जीएसएमच्या वरच्या कागदाला ती सांगून ठेवावी. पुस्तिका मधोमध तारेने टाचली तर ‘सेंटर पिन’, आणि तिची पाने चारच्या पटीतच हवीत. दहा पानांची पुस्तिका मागणाऱ्याला आठ किंवा बारा निवडावी लागतात. पाठीला गोंद लावून चौकोनी कणा केला तर ‘परफेक्ट बाइंडिंग’.

पाकिटावरचा सक्तीचा मजकूर

सौंदर्यदृष्टीला इथे फारशी मोकळीक नाही. आधी बंद केलेल्या मालावर २०११च्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक-तक्रारीचा संपर्क द्यावा लागतो. खाद्यपदार्थावर त्याखेरीज एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक, घटकपदार्थ, पोषणमूल्ये आणि चौकोनातला हिरवा ठिपका. मांसाहारी पदार्थाला आता तपकिरी त्रिकोण. डिझायनरला हा मजकूर शेवटच्या दिवशी दिला की तो मागच्या बाजूला वाचता न येण्याइतक्या बारीक अक्षरांत कोंबला जातो, आणि अक्षरांच्या किमान उंचीचेही नियम आहेत.

‘बारकोड’चे तेरा अंक जीएस१ या संस्थेकडून मिळतात. सुरुवातीचे ८९० हे आकडे क्रमांक भारतात नोंदवलेला असल्याचे सांगतात. माल भारतातच तयार झाला, याची ती ग्वाही नव्हे. ‘क्यूआर कोड’ १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढला. त्याचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, पण भोवती पांढरी जागा आणि पुरेसा गडद-फिका फरक मात्र लागतो. सोनेरी फॉइलवर छापलेला क्यूआर कोड देखणा दिसतो आणि स्कॅन होत नाही.

दुकानाबाहेर

‘फ्लायर’ किंवा हँडबिल म्हणजे एक सुटे पान. घडी घातलेले ‘लीफलेट’. अधिक पानांचे, चांगल्या कागदावरचे ‘ब्रोशर’. दुकानात छताला लटकते ते ‘डँगलर’, जमिनीवर उभे राहते ते ‘स्टँडी’. ‘फ्लेक्स’ हा प्लॅस्टिकचा लेप दिलेला कापडासारखा पट; त्याचा भाव चौरस फुटाने, आणि तो लांबून पाहायचा असल्याने ७२ डीपीआयही चालतो. ‘होर्डिंग’ला पालिकेची परवानगी आणि आकाराची मर्यादा असते. मे २०२४मध्ये घाटकोपरला वादळी वाऱ्यात कोसळून १७ जणांचा बळी घेणारे होर्डिंग १२० फूट लांब आणि तितकेच उंच होते; मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. जागा भाड्याने घेणाऱ्या जाहिरातदारानेही परवान्याची प्रत मागावी.

वर्तमानपत्रातली ‘डिस्प्ले’ जाहिरात चौरस सेंटीमीटरवर आकारतात. ८ सेंटीमीटर रुंद, १० उंच म्हणजे ८० चौरस सेंटीमीटर. पान आणि जागेनुसार दर चढतो. दिवाळी अंकात दुसरे, तिसरे आणि चौथे कव्हर म्हणजे मुखपृष्ठाची आतली बाजू, मलपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ. सर्वांत महाग बहुधा चौथे. ‘खप’ म्हणजे विकलेल्या प्रती, ‘वाचकसंख्या’ म्हणजे ती प्रत वाचणारी माणसे. दुसरा आकडा नेहमीच मोठा असतो आणि जाहिरात विकणारा तोच पुढे करतो. खपाची तपासणी करणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८पासून आहे. तिचे प्रमाणपत्र मागता येते.

ऑनलाइन जाहिरातीत ‘इम्प्रेशन’ म्हणजे ती किती वेळा दाखवली गेली, ‘रीच’ म्हणजे किती वेगवेगळ्या लोकांना दिसली. एकाच माणसाला दहादा दाखवली तर इम्प्रेशन दहा, रीच एक. हजार इम्प्रेशनचा दर म्हणजे ‘सीपीएम’. पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी बोट लावले ते ‘सीटीआर’, आणि त्यांतल्या किती जणांनी खरेदी किंवा चौकशी केली ते ‘कन्व्हर्जन’. छापील साहित्याची मोजदाद अवघड असली तरी अशक्य नाही. वर्तमानपत्रातून टाकलेल्या हँडबिलावर एक कूपन क्रमांक आणि दुकानातल्या डँगलरवर दुसरा छापला, किंवा दोन ठिकाणी दोन वेगळे क्यूआर कोड दिले, तर मसाल्याची मागणी कुठून आली ते कळते आणि पुढच्या ‘प्रिंट ऑर्डर’चा, म्हणजे छापायच्या प्रतींचा आकडा त्यावरून ठरवता येतो. पुनर्छपाईसाठी आधीच्या खेपेतल्या पसंत केलेल्या दोन-तीन प्रती सही करून, उन्हापासून दूर ठेवाव्यात; रंग जुळवताना यंत्रचालकाला पडद्यापेक्षा त्यांचाच उपयोग होतो.